विश्लेषण : लिस्बनची ‘मोफत’ वॉकिंग टूर गोव्याबद्दल गप्प का?

युरोपातील जवळपास प्रत्येक राजधानीत सकाळी दहाच्या सुमारास मुख्य चौकात रंगीत छत्री उघडून कोणीतरी उभे असते. भोवती वीस-पंचवीस पर्यटक जमतात आणि अडीच-तीन तासांची पायी सफर सुरू होते. परदेशी सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबांतही आता हा प्रकार चांगलाच रुजला आहे. बसमधून शहर ‘दाखवून’ आणण्यापेक्षा ते चालून पाहावे, हा विचार योग्यच आहे. प्रश्न त्या तीन तासांत काय सांगितले जाते, याचा आहे. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे याचे ठळक उदाहरण. गोव्यावर साडेचारशे वर्षे जिथून राज्य झाले, त्या शहराच्या रस्त्यांवर मराठी माणूस तीन तास चालतो आणि भूकंप, फादो संगीत, कस्टर्डची पेस्ट्री एवढे ऐकून हॉटेलवर परततो. असे का होते?

‘मोफत’ फेरीचे गणित काय?

या फेऱ्यांना ‘फ्री वॉकिंग टूर’ म्हणतात. या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हे प्रारूप लोकप्रिय झाले आणि तिथून युरोपभर पसरले. तिकीट नसते. मोबाइलवर नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी चौकात हजर व्हायचे आणि शेवटी गाइडला इच्छेनुसार पैसे द्यायचे. सर्वसाधारणपणे माणशी दहा-पंधरा युरो दिले जातात. विद्यार्थी आणि बेताच्या खर्चात फिरणाऱ्यांसाठी ही सोय चांगली आहे, यात वाद नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू पर्यटकाला दिसत नाही. अनेक ठिकाणी गाइड हा कंपनीचा पगारी नोकर नसतो. उलट फेरीला आलेल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम त्यालाच कंपनीकडे भरावी लागते, कारण ऑनलाइन जाहिरात आणि नोंदणी कंपनीने केलेली असते. म्हणजे पंचवीस जणांना घेऊन चालू लागतो तेव्हा तो खिशातले पैसे घालून बसलेला असतो. ते वसूल होणार की नाही, हे शेवटच्या पंधरा मिनिटांत ठरते. अशा वेळी तो साहजिकच हसवणारी, थोडी भुताखेताची, थोडी प्रेमकथेची गोष्ट निवडतो. समोरच्या घोळक्यात ब्राझीलचा, जर्मनीचा, अमेरिकेचा आणि नागपूरचा माणूस एकत्र उभा असतो. कोणीही अस्वस्थ होऊ नये, अशीच कथा सर्वांत सुरक्षित.

यात गाइडला दोष देण्यात अर्थ नाही. यातले अनेक जण इतिहासाचे किंवा कलेचे पदवीधर असतात, काही स्वतःच स्थलांतरित असतात आणि विचारले तर त्यांना बरेच काही ठाऊक असते. पण ते विचारावे लागते.

लिस्बनची गोष्ट भूकंपापासूनच का सुरू होते?

कारण ती गोष्ट खरोखर विलक्षण आहे. १ नोव्हेंबर १७५५, ‘ऑल सेंट्स डे’चा सणाचा दिवस. सकाळची प्रार्थना सुरू असताना जमीन हादरली. चर्चमध्ये गर्दी होती, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. लोक जीव वाचवायला ताग्युश नदीच्या मोकळ्या काठाकडे धावले आणि तिथे समुद्राच्या लाटा चालून आल्या. मग अनेक दिवस आग धुमसत राहिली. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण तो आकडा काही दहा हजारांच्या घरात होता हे निश्चित. नदीकाठचा राजवाडा आणि त्यातला प्रचंड ग्रंथसंग्रह नष्ट झाला. सणाच्या दिवशी भाविकांवरच देवाने असा प्रहार का करावा, या प्रश्नाने युरोपातले विचारवंत हादरले. व्होल्टेअरच्या ‘कांदीद’मध्ये हा भूकंप येतो तो त्यामुळेच.

पुढे शहराची सूत्रे मार्क्विस ऑफ पोम्बाल या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या मंत्र्याच्या हाती आली. त्याने सखल भागातले शहर, म्हणजे आजचे ‘बायशा’, नव्याने आखले. सरळ काटकोनातले रस्ते, एकाच धाटणीच्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडी तुळयांचा पिंजरा. हादरा बसला तर दगड निखळेल, पण लाकडी सांगाडा डोलेल आणि उभा राहील, अशी ही रचना. भूकंपाचा विचार करून संपूर्ण वस्ती बांधण्याचा युरोपातला हा सुरुवातीचा मोठा प्रयत्न मानला जातो. लातूरच्या भूकंपानंतरचे पुनर्वसन जवळून पाहिलेल्या महाराष्ट्रातील पर्यटकाला हा भाग विशेष भिडावा.

पायी चालण्याचा खरा फायदाही इथेच कळतो. बायशाच्या सपाट, आखीव रस्त्यावरून पाच मिनिटांत माणूस अल्फामाच्या चढावर पोहोचतो आणि गल्ल्या एकदम वेड्यावाकड्या होतात. अल्फामा खडकावर वसल्याने बरीचशी वाचली. तिचे नावही अरबी. १७५५ च्या आधीचे शहर कसे होते आणि नंतरचे कसे झाले, हा फरक पायांना कळतो. बसच्या खिडकीतून तो कळत नाही.

पण भूकंपाची गोष्ट गाइडला आवडते त्याला आणखी एक कारण आहे. त्यात खलनायक निसर्ग आहे. कोणाच्याच पूर्वजांवर ठपका येत नाही.

नदीकाठच्या चौकात भारत कुठे आहे?

सफर बहुधा प्रासा दु कोमेर्सियु या नदीकाठच्या भव्य चौकात येते. मधोमध राजा पहिला जोसे याचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे, तो १७७५ चा. फोटो सगळे राजाचा काढतात. चौथऱ्याच्या बाजूला पाहिले तर एका अंगाला हत्ती दिसतो. तो तिथे शोभेसाठी ठेवलेला नाही. ज्या साम्राज्याच्या जोरावर हे शहर उभे होते, त्याची ती खूण आहे. जवळच्या विजयकमानीवर वास्को द गामा उभा आहे, पोम्बालच्या सोबतीला.

भूकंपापूर्वी याच भागात ‘कासा द इंडिया’ होते. मलबारची मिरी, दालचिनी, कापड, सगळ्याचा हिशेब इथे होई, जहाजांचे परवाने इथून निघत. भारतातील पोर्तुगीज व्यापाराचे ते मुख्य कार्यालय म्हणता येईल. भूकंपात ते गेले आणि बहुतेक फेऱ्यांच्या कथनातूनही गेले. चौकाच्या नावातला ‘कोमेर्सियु’ म्हणजे व्यापार. कसला व्यापार, हे विचारण्याची जागा हीच.

रोसियोच्या नाट्यगृहाखाली काय आहे?

रोसियो हा शहरातला गजबजलेला चौक. काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांसारखी फरशी, कारंजी, कॅफे. उत्तरेला दोन्या मारिया दुसरी यांच्या नावाचे राष्ट्रीय नाट्यगृह आहे. १८४६ मध्ये ते उघडले, तेव्हा ज्या जागेवर बांधले ती एश्ताउश राजवाड्याची होती. पोर्तुगीज इन्क्विझिशनचे मुख्यालय तिथे होते. १५३६ मध्ये सुरू झालेले हे धर्मन्यायालय १८२१ पर्यंत चालले.

गोव्यातील इन्क्विझिशन याच व्यवस्थेची शाखा. १५६० मध्ये ती स्थापन झाली. पोम्बालच्या कारकिर्दीत १७७४ मध्ये बंद पडली, तो सत्तेवरून जाताच १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि १८१२ मध्ये कायमची संपली. भूकंपानंतर शहर उभारणारा पोम्बाल आणि गोव्यातले हे न्यायालय तात्पुरते का होईना बंद पाडणारा पोम्बाल, हा एकच माणूस. त्यामुळे त्याची गोष्ट सांगताना गोवा एका वाक्यात सहज येऊ शकतो. तेवढेही क्वचितच होते.

गार्सिया द ऑर्टा यांचे उदाहरण तर थेट मुंबईपर्यंत येते. मूळच्या ज्यू घराण्यातील हा वैद्य लिस्बनमध्ये शिकवत होता. तो भारतात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतीय वनौषधींवरचे त्याचे पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळली गेली. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा आरोप होता. पणजीतल्या बागेला आज त्याचे नाव आहे.

रोसियोपासून मिनिटभरावर साव दोमिंगुश चर्चचा छोटा चौक लागतो. एप्रिल १५०६ मध्ये इथून दंगल पेटली आणि धर्मांतरित ज्यूंची कत्तल झाली. बळींची संख्या दोन हजार किंवा त्याहून अधिक सांगितली जाते. या घटनेचे स्मारक उभे राहायला ५०० वर्षे लागली. २००८ मध्ये ते झाले, तेव्हा लिस्बनचे महापौर होते अंतोनियो कोस्ता, ज्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे. पुढे ते पंतप्रधान झाले आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत.

या चौकात मात्र चांगला गाइड थांबतो आणि सांगतोही. त्याचे कारण साधे आहे : तिथे दगड आहे, त्यावर मजकूर आहे. स्मारक असले की गोष्ट सांगितली जाते. म्हणूनच स्मारके कुठे होतात आणि कुठे रखडतात, याला महत्त्व येते.

गुलामगिरीच्या स्मारकाचे काय झाले?

सोळाव्या शतकाच्या मध्यास लिस्बनच्या लोकसंख्येत सुमारे दहा टक्के माणसे आफ्रिकेतून आणलेली गुलाम होती. अटलांटिकपार नेलेल्या गुलामांपैकी सर्वाधिक पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांतून गेले. अभ्यासकांच्या अंदाजाने हा आकडा साठ लाखांच्या जवळ जातो. शहरात आजही ‘रुआ दु पोसु दुश नेग्रुश’ नावाचा रस्ता आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘काळ्यांच्या विहिरीचा रस्ता’. मेलेल्या गुलामांचे देह उघड्यावर टाकले जात, दुर्गंधी सुटे, म्हणून राजा मॅन्युएलने १५१५ मध्ये खड्डा खणण्याचा आदेश दिला होता. आज त्या रस्त्यावर कॉफीची फॅशनेबल दुकाने आहेत.

२०१७ मध्ये नागरिकांच्या मतदानातून ठरणाऱ्या महापालिकेच्या निधीत गुलामगिरीच्या स्मारकाचा प्रस्ताव निवडून आला. आफ्रिकी वंशाच्या नागरिकांच्या संघटनेने तो मांडला होता. अंगोलाचे कलावंत किलुआंजी किया हेंडा यांची रचना ठरली : काळ्या ॲल्युमिनियमच्या ५४० उसांचे शेत. साखरेच्या मळ्यांसाठी माणसे विकली गेली, त्याची ही आठवण. नंतर जागा, परवानग्या, प्रशासकीय घोळ असे करत काम वर्षानुवर्षे रखडत राहिले. त्याच सुमारास शहरात ‘शोधांचे संग्रहालय’ उभारण्याची कल्पना पुढे आली. तिथे माणसे आधीच राहत होती, मग शोध कसला, असा आक्षेप घेत २०१८ मध्ये शंभरहून अधिक इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिले. वाद पेटला आणि तेही बारगळले.

एप्रिल २०२४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सोसा यांनी गुलामगिरी आणि वसाहतकाळातील गुन्ह्यांची किंमत पोर्तुगालने चुकवायला हवी, असे म्हटले. सरकारने लगेच हात झटकले : तशी कोणतीही प्रक्रिया नाही. एका देशाच्या राष्ट्रप्रमुखाला आणि सरकारला ज्यावर एकमत करता येत नाही, ते छत्रीवाल्या गाइडने बाराच्या उन्हात पंचवीस अनोळखी माणसांपुढे मांडावे ही अपेक्षा मोठी आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही काही जण मांडतात. आफ्रिकी वारशाच्या स्वतंत्र पायी सफरी लिस्बनमध्ये चालतात. त्यांचे पैसे आधी भरावे लागतात, आणि कदाचित म्हणूनच तिथे बोलणे मोकळे असते.

क्रांतीच्या चौकात मोहन रानडे का आठवावेत?

कार्मू चौक हे प्रत्येक फेरीचे आवडते ठिकाण. भूकंपात छप्पर गमावलेल्या मठाचे भग्नावशेष एका बाजूला, शेजारी निमलष्करी दलाची छावणी. २५ एप्रिल १९७४ रोजी इथेच हुकूमशाही संपली. बंडखोर तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीला वेढा घातला, आत अडकलेले पंतप्रधान मार्सेलो कायतानो यांनी संध्याकाळी सत्ता सोडली आणि रस्त्यावरच्या लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुले खोवली. गाइड हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. त्याच्या आजी-आजोबांनी ते दिवस पाहिलेले असतात.

या क्रांतीची पाळेमुळे आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धांत आहेत, हे बहुतेक गाइड सांगतात. त्या साखळीची पहिली मोठी कडी गोव्यात तुटली, हे मात्र सुटते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा आदेश होता. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही आणि शरणागती पत्करली. हजारो जीव वाचले. त्याबद्दल त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. त्यांची प्रतिष्ठा परत मिळाली ती १९७४ च्या क्रांतीनंतर. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने अधिकृतपणे मान्य केले तेही त्याच वर्षी, ३१ डिसेंबरच्या करारात. म्हणजे पोर्तुगालच्या लेखी गोव्याचा प्रश्न संपला तो कार्मू चौकातल्या त्या संध्याकाळमुळे.

सांगलीत जन्मलेले मोहन रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ मध्ये ते पकडले गेले, पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले आणि लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात ठेवले गेले. गोवा मुक्त झाला, तिथे निवडणुका झाल्या, सरकारे आली, तरी रानडे आतच होते. जानेवारी १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. त्यांच्या आधीच्या पिढीत त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि पुरुषोत्तम काकोडकर यांना १९४६ च्या आंदोलनानंतर पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात डांबले होते. यातले काकोडकर म्हणजे अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांचे वडील.

यांना डांबणाऱ्या राजवटीच्या गुप्त पोलिसांचे मुख्यालय कार्मू चौकापासून चालत काही मिनिटांवर होते. आज त्या इमारतीत आलिशान सदनिका आहेत. बाहेर एक पाटी आहे. क्रांतीच्या दिवशी आतून झालेल्या गोळीबारात मेलेल्या चौघांची नावे त्यावर आहेत. अनेक फेऱ्या तिच्या आसपासच्या गल्ल्यांतूनच जातात.

बेलेंमध्ये काय पाहावे?

बेलें हा भाग पश्चिमेला काही किलोमीटरवर असल्याने मध्यवर्ती सफरीत येत नाही. त्याची वेगळी फेरी असते. जेरोनिमोस मठाचे बांधकाम १५०१ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याचा बराचसा खर्च आफ्रिका व पूर्वेकडच्या व्यापारावरील पाच टक्के करातून झाला. मिरीच्या पैशातून उभे राहिलेले हे सौंदर्य आहे आणि ते खरोखर डोळ्यांचे पारणे फेडते. दारातून आत शिरताच वास्को द गामाची समाधी लागते. ‘भारताचा मार्ग शोधणारा’ एवढीच ओळख ऐकून पुढे सरकू नये. १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज बायका-मुलांसह जाळले होते.

नदीकाठी हेन्री द नॅव्हिगेटर आणि इतर दर्यावर्दींचे उंच स्मारक आहे. पर्यटकांना ते प्राचीन वाटते. प्रत्यक्षात ते सालाझारच्या काळातले : १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले आणि १९६० मध्ये काँक्रीट व दगडात कायम केले. त्या १९४० च्या प्रदर्शनात वसाहतींतून आणलेली जिवंत माणसे शेजारच्या बागेत ‘दाखवायला’ ठेवली होती. दगडात कायम झालेल्या स्मारकाला वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच गोवा हातचा गेला.

बेलेंच्या बुरुजावर एका कोपऱ्याखाली दगडी गेंड्याचे झिजलेले तोंड आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्कला दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. तो न पाहताच, केवळ वर्णनावरून अल्ब्रेख्त ड्युररने त्याचे प्रसिद्ध चित्र काढले. लहान मुले बरोबर असतील तर ही गोष्ट सर्वांत चांगली.

पण सुट्टीत हे ओझे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. लाखभर रुपये खर्चून आलेल्या माणसाने सूर्यास्त पाहावा, सार्डिन खावेत की इन्क्विझिशनची वर्षे मोजावीत? शिवाय आपल्याकडे तरी वेगळे काय होते? सिंहगडावर घोरपडीची कथा आजही इतिहास म्हणून सांगितली जाते आणि ऐकणारेही खूश असतात. ओल्ड गोव्यात चर्चची भव्यता सांगितली जाते, पण सी कॅथेड्रलसमोरच्या चौकात इन्क्विझिशनचा वाडा कुठे होता, हे विचारल्याशिवाय कळत नाही. पोर्तुगीज गाइडला बोल लावताना ही बाजू विसरता येणार नाही.

तरीही फरक आहे. लिस्बनमध्ये मराठी माणूस परका पाहुणा नसतो. हॉटेलच्या जेवणात ‘बटाटा’ मागितला तर वेटरला कळतो. ‘पाव’ही थोडाफार कळतो, ‘चावी’ आणि ‘पगार’ हे शब्द तिथूनच आले. ‘तुरुंग’ही त्यांचाच, असे भाषाभ्यासक सांगतात. साडेचारशे वर्षे ज्यांच्या घरात शेजार होता, त्यांची गोष्ट अर्धी ऐकणे हे पर्यटकाचे नुकसान आहे. पूर्ण गोष्ट ऐकल्याने सूर्यास्त काही कमी सुंदर होत नाही. आणि पोर्तुगीजांची पूर्ण गोष्ट म्हणजे फक्त काळा रंग नव्हे. भूकंपातून उठलेले शहर, रक्तपात टाळून उलथवलेली हुकूमशाही, हेही त्याच माणसांचे.

सरकारांनी गाइडना नियम घालावेत का?

युरोपातील शहरे नियम घालत आहेत, पण ते संख्येचे आणि गोंगाटाचे. ॲमस्टरडॅमने २०२० मध्ये देहविक्रयाच्या खिडक्यांसमोरून गट नेण्यास बंदी केली. व्हेनिसने २०२४ मध्ये एका गटात २५ पेक्षा जास्त माणसे आणि ध्वनिक्षेपक दोन्ही मना केले. प्रागने रात्रीच्या दारू-सफरी थांबवल्या. लिस्बनने २०२४ मध्ये पर्यटक कर रात्री दोनवरून चार युरो केला. अल्फामा, मोरारियासारख्या भागांत पर्यटकांसाठी नवी भाड्याची घरे देण्यास २०१८ मध्येच स्थगिती दिली होती, कारण मूळ रहिवासी हुसकले जात होते.

गाइडने काय बोलावे हे सरकारने ठरवणे मात्र धोक्याचे आहे. सालाझारच्या सरकारने नेमके तेच केले होते आणि त्याचे फळ बेलेंच्या काठावर उभे आहे. सरकारने करायचे काम वेगळे आहे : रखडलेली स्मारके पूर्ण करणे, पाट्या लावणे, अभिलेखागारे खुली ठेवणे. मजकूर समोर असला की गाइड थांबतो, हे साव दोमिंगुशच्या चौकात दिसतेच.

मराठी पर्यटकाने काय करावे?

मोफत फेरी अवश्य करावी आणि गाइडला चांगले पैसे द्यावेत. त्याआधी, सुरुवातीलाच दोन-तीन प्रश्न टाकावेत : कासा द इंडिया कुठे होते? नाट्यगृहाच्या जागी आधी काय होते? क्रांतीआधीचे राजकीय कैदी कुठे ठेवले जात? श्रोत्यांना रस आहे हे कळले की बहुतेक गाइड खुलतात, आणि घोळक्यातले ब्राझिली व अंगोलन पर्यटकही बोलू लागतात.

अर्धा दिवस हाती असेल तर कॅथेड्रलजवळचे अल्जूबे संग्रहालय पाहावे. राजकीय कैद्यांच्या तुरुंगात २०१५ मध्ये ते उघडले. सोमवारी बंद असते. पूर्ण दिवस असेल तर सुमारे शंभर किलोमीटरवरच्या पेनिशला जावे. त्या किल्ल्यात एप्रिल २०२४ पासून प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. काशियशला जायचे तर लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्थानकातून कश्कायशच्या मार्गावरची लोकल मिळते. किल्ल्याचा तुरुंग आजही तुरुंग म्हणूनच वापरात आहे. आत जाता येत नाही, बाहेरून भिंत दिसते.